उष्टी हवा

घोगऱ्या तापाची दुसरी साथ सोलापुरात शिरली ती नेमकी गणवेशांच्या हंगामात. आधी आवाज बसायचा, मग ताप चढायचा आणि काहींना थेट दवाखाना गाठावा लागायचा. पहिल्या साथीत सरकारनं सरसकट सगळं बंद केलं होतं, आणि तापानं मोडली नसती अशी कितीतरी घरं उपाशी राहून मोडली होती. म्हणून या खेपेला वेगळी वाट धरली गेली. जिथली हवा धोक्याची तेवढीच जागा बंद करायची, आणि त्या जागेतल्या माणसांना घरी बसून पगार द्यायचा. मालकालाही भाडं आणि कर्जाचं व्याज भरायला मदत. योजनेचं नाव होतं ‘श्वास-आधार’.

कुठली हवा धोक्याची, हे ठरवायला प्रत्येक कारखान्यात एक मापक बसवायचा होता. विणकर वसाहतीतल्या गाजुलांच्या शेडमध्ये तो बसवायला जिल्ह्याचा अभियंता आरिफ मुजावर स्वतः आला. शेड होती उमा गाजुलच्या नावावर, कारण महिला उद्योजकांना मिळणारं कर्ज तिच्या नावानं काढलं होतं. कापड बेतण्याचं काम तिचं. ऑर्डरी, बँक आणि सरकारी कागद तिचा थोरला भाऊ सत्यनारायण बघायचा. त्याला सगळे अण्णा म्हणत. वडिलांचे टॉवेलचे माग विकून दोघांनी शिलाई मशिनं घेतली होती आणि पत्र्याच्या त्या शेडमधून तीन जिल्ह्यांतल्या शाळांचे गणवेश जात होते.

मुजावरनं पुस्तकाएवढी पांढरी डबी भिंतीवर बसवली आणि भोवती जमलेल्या बायकांना ती काय करते ते समजावून सांगितलं. आपण सोडतो त्या श्वासात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट असतो. बंद जागेत तो साठत जातो. तो किती साठला हे मोजलं, की आपण घेतलेल्या श्वासातला किती भाग आधी दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून फिरून आलाय, ते कळतं. तो भाग जितका जास्त, तितकी एकाचा रोग दुसऱ्याला लागायची भीती जास्त.

“म्हणजे उष्टी हवा,” बालामणी म्हणाली. ती शेडमधली सगळ्यात जुनी कारागीर. सगळे तिला अक्का म्हणत.

मुजावरला तो शब्द इतका आवडला, की पुढं तो सगळीकडं तेच सांगू लागला. डबी माणसंही मोजते, असं त्यानं जाता जाता सांगितलं. बसून काम करणारं माणूस तासाला साधारण वीस लिटर वायू सोडतं. शेडमधली हवा किती वेगानं बदलते, हे डबी जेवणाच्या सुट्टीत शिकते. माणसं बाहेर गेली, की आतला वायू कसा उतरतो, यावर तिचं लक्ष असतं. दोन्ही गोष्टी कळल्या, की आत किती जण आहेत हे तिला जवळजवळ अचूक सांगता येतं.

अण्णानं ते ऐकलं आणि तो फोन घेऊन बाहेर गेला.

साथ वाढली, उष्ट्या हवेची मर्यादा कडक झाली आणि एका दुपारी ती ओलांडली जाऊन डबी लाल झाली. शेड बंद. आठवड्याभरात श्वास-आधारचा पगार आला, पण फक्त नऊ जणांच्या खात्यात. हजेरीपटावर नऊच नावं होती. कापणारे दोघे, इस्त्रीवाले, आणि तपासणीला कोणी आलं तर दाखवायला चार बायका. बाकी शिलाई, काज-बटण, धागे कापणं, घड्या घालणं, पिशव्या भरणं करणाऱ्या सगळ्या नगावर काम करायच्या. त्यांचं नाव कुठंच नव्हतं. उमाला ते ठाऊक होतं. साऱ्या वसाहतीत धंदा असाच चालायचा, आणि त्यावर विचार करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

ती वेळ बालामणी घेऊन आली. ती उमाच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

“ताई, डबी लाल झाली ती आमच्याही श्वासानं झाली,” ती म्हणाली. “घरी बसा म्हणाले, बसलो. मग पगार नऊच जणांना कसा?”

अण्णाशी बोलते, एवढंच उमा म्हणाली. बालामणीनं मान हलवली आणि ती चालू लागली. तिनं उसने मागितले असते तर उमाला सोपं गेलं असतं.

त्याच आठवड्यात उमाच्या फोनवर सूचना आली. नोंदणीकृत कामगार नऊ, मापकानुसार सरासरी उपस्थिती सव्वीस, तफावतीचं कारण निवडा. खाली दोन पर्याय होते. पहिला ‘ज्वलनदोष’, म्हणजे जादा वायू माणसांचा नसून आगीचा होता. दुसरा ‘नोंदणीत त्रुटी’, म्हणजे माणसं होती, पण पटावर नव्हती. पहिला निवडला तर प्रकरण तिथंच मिटणार होतं आणि मालकाची अडकलेली मदत सुटणार होती. दुसऱ्याला सुनावणी होती.

अण्णाला यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. इस्त्रीच्या वाफेसाठी शेडमध्ये गॅसवरचा बॉयलर होता. बॉयलरची आग, विषय संपला. गल्लीतल्या सगळ्यांनी तेच दाबलं होतं. ज्याच्याकडं बॉयलर नव्हता त्यानं चहाची शेगडी दाखवली होती.

उमानं दोन दिवस मागून घेतले आणि मुजावरला फोन लावला. आग आणि श्वास यांच्यात डबीचा गोंधळ होऊ शकतो का, असं तिनं विचारलं.

पहिल्या डबीचा व्हायचा, तो म्हणाला. बेकरीवाले, लाँड्रीवाले ओरडायला लागले. भट्टी पेटवली की डबी लाल. म्हणून नव्या डबीत लेझर आला. कार्बनचे अणू दोन तऱ्हेचे असतात, एक हलका, एक किंचित जड. बहुतेक झाडं हवेतून कार्बन घेताना जड अणू मागं टाकतात. ज्वारी, मका, ऊस तेवढे निवडक नसतात, त्यांच्यात जड अणू जरा जास्त राहतो. गॅस आला जमिनीखालच्या तेलातून, त्यात जड अणू कमी. माणूस जे खातं तेच श्वासातून बाहेर टाकतं. सोलापूरचं माणूस ज्वारीची भाकरी खातं, उसाच्या साखरेचा चहा पितं, कडबा खाणाऱ्या म्हशीचं दूध पितं. घरात भात जास्त होत असला तरी एवढं पोटात जातंच, म्हणून त्याच्या श्वासात जड अणू जास्त.

“तुमच्या शेडमधला जादा वायू मी पाहिलाय,” मुजावर म्हणाला. “बॉयलरचा वाटा डबीनं आधीच वजा केलाय. उरलेला सगळा भाकरीचा आहे. बॉयलर भाकरी खात नाही.”

मग ज्वलनदोषाचा पर्याय अजून यादीत का, असं उमानं विचारलं. काढून टाका म्हणून त्यानं दोनदा लेखी कळवलं होतं. काढला नाही. काढला तर त्या सगळ्या माणसांना पगार द्यावा लागेल. मालकही खूश, सरकारी खातंही खूश, मग काढणार कोण? हे मी फोनवर बोललो, तो म्हणाला, पण कुणी समोर विचारलं तर समोरही बोलेन.

संध्याकाळी अण्णाच्या घरी भांडण झालं. अण्णा वाईट माणूस नव्हता. पहिल्या साथीत बायकोच्या पाटल्या मोडून त्यानं शेड जगवली होती. त्रुटी कबूल केली, तर मागच्या सगळ्या वर्षांचा भविष्यनिर्वाह निधी दंडासकट भरावा लागेल, बँक दारात येईल, आणि ज्या बायकांसाठी हे चाललंय त्यांनाच उद्या काम उरणार नाही, असं त्यानं एकेक करून मांडलं. त्यात खोटं काही नव्हतं.

“एक बटण दाबायचंय, उमा,” तो म्हणाला. “कुणाचा जीव घ्यायचा नाहीये.”

“ते दाबलं तर बालामणीअक्का बॉयलर होते, अण्णा. मी तिच्या हातचं जेवलेय.”

अण्णाची बायको सुलोचना चहाचे कप ठेवून आत गेली. उमा तिला वदिना म्हणायची, तेलुगूत भावजयीला म्हणतात तसं. वदिना दोघांच्या भांडणात कधी बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी उमानं सगळ्या बायकांना मार्कंडेय मंदिराच्या ओट्यावर बोलावलं, मोकळ्या हवेत, लांब लांब बसवून. तिनं काही लपवलं नाही. खरं सांगितलं तर पगार मिळेल, पण शेड राहील याची खात्री नाही. खोटं सांगितलं तर शेड राहील, पण या महिन्यांचं काही मिळणार नाही. राजेश्वरी नावाची तरणी बाई म्हणाली, की तिला पगार नको, काम हवं. घरात सासरा आजारी आहे आणि साथ काय जन्मभर राहणार नाही. दोघीतिघींनी तिला दुजोरा दिला. एक जण रडली. बराच वेळ उलटसुलट बोलणं झालं.

शेवटी बालामणी बोलली. “काम गेलं तर दुसरं बघू. इथं काय एकच शेड आहे? पण आपण तिथं नव्हतोच, असं कुणी लिहून द्यायचं नाही. एकवीस वर्षं माझे डोळे त्या सुईत गेलेत.”

मग राजेश्वरीनंच उमाला म्हटलं, दाबा ताई, आत्ताच दाबा, घरी गेल्यावर धीर सुटेल. उमानं ओट्यावर बसूनच ‘नोंदणीत त्रुटी’ निवडलं आणि अंगठा टेकवला.

सुनावणी श्वास-आधार कक्षाच्या हॉलमध्ये होती. जुन्या इमारतीतला तो हॉल, खिडक्या रंगानं चिकटून बसलेल्या, भिंतीवर तीच पांढरी डबी. उपायुक्त देशमाने समोर बसले होते. साथ सुरू झाल्यापासून त्यांनी एक सुट्टी घेतली नव्हती, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. सुनावणीचं पत्र उमा आणि अण्णालाच होतं. मुजावर तांत्रिक बाजू मांडायला हजर होता. सुनावणी सुरू होते न होते तोच दार ढकलून बालामणी आत आली. तिच्यामागून राजेश्वरी, मग एकेक करत सगळ्या. तोंडाला मास्क बांधून त्या भिंतीकडेनं जमिनीवर बसल्या. सगळ्यात शेवटी सुलोचना वदिना आली. अण्णानं शेजारची खुर्ची पुढं ओढली. वदिना त्या खुर्चीपाशी न थांबता पुढं गेली आणि राजेश्वरीजवळ मांडी घालून बसली.

या कोण, असं देशमान्यांनी विचारलं. ज्यांच्याबद्दल सुनावणी आहे त्या, असं उमानं सांगितलं. त्यांना बोलावलेलं नाही, हे देशमान्यांनी समजावलं, पण बाहेर काढलं नाही. ते मुद्द्यावर आले. पटावर नऊ माणसं आहेत. उरलेल्यांचा ना पगारपत्रकात पुरावा, ना बँकेत. मापक रोगासाठी आहे, हजेरीसाठी नाही. त्याच्या आकड्यावर खात्याला पैसे वाटता येत नाहीत. मग त्यांचा आवाज मऊ झाला. तुम्ही प्रामाणिक दिसता, ते उमाला म्हणाले, पण भावनेच्या भरात स्वतःचा धंदा बुडवताय. अजूनही पर्याय बदलता येईल. बॉयलर आहे ना तुमच्याकडं?

मुजावर उठून उभा राहिला. बॉयलरचा वायू मापकानं आधीच वगळला आहे, असं त्यानं सांगितलं. ज्वारीचं आणि गॅसचं गणित त्यानं दोन वाक्यांत मांडलं. नव्या मापकाला ज्वलनदोष होऊच शकत नाही, हेही तो बोलला. देशमान्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याची बदली तिथंच ठरली असावी. हा तांत्रिक तपशील झाला, ते म्हणाले, शासनाचं धोरण वेगळं असतं.

तेवढ्यात भिंतीवरची डबी वाजली आणि लाल झाली.

खिडक्या बंद होत्या आणि खोलीत माणसं फार होती. नियम सगळ्यांना पाठ होता. लाल झालं, की जागा रिकामी करायची. त्यातून सरकारी हॉलही सुटला नव्हता. देशमाने उठले आणि बायकांना म्हणाले, की तुम्ही आधी बाहेर व्हा, तुम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं.

बालामणी उठली नाही. “आम्ही कागदावर नाहीच ना, साहेब? मग इथली हवा उष्टी कुणी केली?”

कुणीही हललं नाही. डबी वाजत राहिली.

उमा खुर्चीवरून उठली. “साहेब, हॉल रिकामा करायचा तर कारण नोंदवा. मापक बरोबर आहे म्हणून रिकामा करत असाल, तर माझ्या शेडमध्येही ते बरोबर होतं. तिथल्या सव्वीस जणांना पगार द्या. मापक चुकीचं आहे म्हणत असाल, तर आम्ही इथंच बसतो. पण मग शहरात त्याच्या आकड्यावर बंद केलेल्या सगळ्या शेडी उद्या उघडा.”

देशमाने डबीकडं बघत राहिले. त्यांच्यापुढं दोनच वाटा होत्या आणि दोन्ही त्यांच्या सहीच्या होत्या. शेवटी त्यांनी कारकुनाला सांगितलं, की टेबल अंगणात काढा. आणि कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं, की मापकानं उपस्थिती मर्यादेपेक्षा जास्त दाखवल्यामुळं सुनावणी उघड्यावर हलवली. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. त्याचा अर्थ त्यांना चांगला कळत होता.

अंगणात कडुलिंबाखाली कारकून एकेकीचं नाव घेऊ लागला. नाव, काम, मालकाशी नातं असेल तर ते. वदिनाची पाळी आली तेव्हा उमा दचकली. तिनं स्वतः लिहून दिलेल्या नावांत वदिना नव्हती. लग्न होऊन आल्यापासून वदिना रोज सकाळी स्वयंपाक उरकून शेडमध्ये यायची आणि अंधार पडेपर्यंत काजं करायची. तिला पगार द्यायचा असतो, हे उमाच्याही मनात कधी आलं नव्हतं.

“मालकाशी नातं?” कारकुनानं विचारलं.

“कामगार,” वदिना म्हणाली.

“ती घरची आहे,” मागून अण्णा म्हणाला, हळू आवाजात.

वदिना वळली. “घरात रांधते ती घरची. शेडमध्ये काज करते ती कामगार. दोन्ही मीच आहे, पण यांनी विचारलंय ते शेडबद्दल.”

कारकुनानं देशमान्यांकडं पाहिलं. देशमाने म्हणाले, लिहा.

पगार मिळाला. महिना उलटून गेला, दोनदा नावं चुकली, पण सगळ्यांच्या खात्यात आला. गाजुलांची मदत मात्र थांबली आणि मागच्या वर्षांच्या निधीची नोटीस आली, अण्णानं सांगितलं होतं तशीच. अण्णानं आपल्या वाट्याची मशिनं काढून घेतली आणि मेव्हण्याच्या शेडमध्ये मांडली. बहिणीशी तो बोलेनासा झाला. वदिना त्याच्या घरातच राहिली, पण कामाला उमाकडं यायची. पहिल्या पगाराच्या दिवशी तिनं उमाला एवढंच म्हटलं, की तूसुद्धा मला कामगारांत धरलं नव्हतंस. मुजावरची बदली गडचिरोलीला झाली.

साथ थोडी ओसरल्यावर उमानं शेड उघडली. उरलेली मशिनं कमी होती, हप्त्यांचं ओझं होतं. साथ पुन्हा चढली की शेड बंद करावी लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. उमानं एका बाजूचे पत्रे काढून तिथं जाळी बसवली. कापडावर धूळ यायची, पण डबी हिरवी राहायची.

मग परिपत्रक आलं. सर्व मापकांची नवी आवृत्ती येणार होती. ती हवा मोजणार होती, माणसं मोजणार नव्हती. कारण दिलं होतं, नागरिकांच्या खासगीपणाचा मान. उमानं मशिनं थांबवून ते सगळ्यांना वाचून दाखवलं. आपल्याला काय फरक पडतो, आपली नावं तर लागली, असं राजेश्वरी म्हणाली, पण म्हणतानाच तिला शेजारच्या शेडमधली तिची नणंद आठवली असावी, कारण वाक्य तिनं अर्धंच सोडलं. समोरच्या गल्लीत, मागच्या गल्लीत, अण्णाच्या नव्या शेडमध्येही काजं करणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या मालकांनी ज्वलनदोष दाबला होता. आता ते दाबायचीही गरज उरणार नव्हती.

बालामणी उमाकडं बघत होती. उमा कागदाकडं. पुन्हा तो हॉल, पुन्हा ती नोटीस, या खेपेला बाजूनं बोलायला मुजावरही नाही. तिला वाटलं, आपल्यानं आता होणार नाही.

वदिनानं सुईतला धागा तोडला. “उद्या शेड बंद ठेव,” ती म्हणाली. “मी आज घरोघर जाऊन येते. तुझ्या अण्णाच्या शेडपासून सुरू करते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कक्षाच्या फाटकाशी रस्ता भरून गेला. विणकर वसाहतीच्या बायका होत्या, त्यांच्यापलीकडं विड्या वळणाऱ्या, आणि त्यांच्याही मागं कुठून कुठून आलेल्या. हॉलमध्ये एवढ्या मावणार नव्हत्या, आणि त्यांना हॉलमध्ये जायचंही नव्हतं. हातभर अंतर ठेवून त्या उन्हात उभ्या राहिल्या. उमा मधे कुठंतरी होती. पुढं वदिना होती.

फाटकावरच्या शिपायानं वही काढली, मास्क नीट केला आणि विचारलं, की साहेबांना काय सांगू, किती जणी आल्यात?

वदिना बाजूला सरकली, त्याला मागचं नीट दिसावं म्हणून.

“मोजा,” ती म्हणाली.